खांब दिसला, पण होता का? सागरतळाखालच्या वायुवाटांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खंडान्त उतारावर, साधारण 900 मीटर पाण्याखाली एका शोधविहिरीची जागा नक्की करायची होती. विहिरीचं खरं लक्ष्य बरंच खोल होतं, पण हे प्रकरण त्या लक्ष्याचं नाही. सागरतळाखालच्या पहिल्या तीनशे मीटरांचं आहे. जागा ओळखू येईल असं सगळं काढून टाकलं आहे आणि अंतरं गोळाबेरीज करून दिली आहेत.

पहिल्या तीनशे मीटरांची एवढी काळजी का, तर खोल पाण्यात विहिरीचा वरचा टप्पा रायझर (विहिरीपासून रिगपर्यंतची नळी) आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहिरीचं तोंड बंद करणारी झडप) बसण्याआधीच खोदला जातो. त्या वेळी उथळ थरात दाबाखालचा वायू लागला, तर त्याला अडवायला ड्रिलिंगच्या द्रवाच्या वजनाखेरीज फारसं काही नसतं. 1964 साली उत्तर समुद्राच्या जर्मन भागात खोदकाम चालू असताना एका विहिरीतून वायू उसळला आणि सागरतळाला मोठं विवर पडलं. 1985 मध्ये नॉर्वेच्या हाल्टेनबँकेन भागात ‘वेस्ट व्हॅनगार्ड’ रिगवर उथळ वायूचाच स्फोट झाला आणि एकाचा जीव गेला. म्हणून जागा ठरवताना सायझमिकवर, म्हणजे तळाखाली ध्वनी पाठवून त्याच्या परावर्तनांतून काढलेल्या प्रतिमेवर, वायूची वाट दिसते का, हे आधी बघतात.

ही वाट सेक्शनवर, म्हणजे त्या प्रतिमेच्या उभ्या छेदावर, खांबासारखी दिसते. आडव्या थरांच्या रेषा चालत चालत येतात, एका ठिकाणी तुटतात किंवा वाकतात, मंद होतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. इंग्रजीतून आलेला आमचा शब्द ‘चिमणी’. नव्या माणसाला तो ऐकून हसू येतं, कारण मराठीत चिमणी आधी उडते आणि मग धूर सोडते. पुढे मी ‘खांब’ म्हणणार आहे. त्यात धूर, वायू, पाणी काहीच गृहीत धरलेलं नाही, आणि या प्रकरणात ते बरं. खांबाच्या डोक्यावर सागरतळाला बहुधा एक खळगा असतो. त्याला पॉकमार्क म्हणतात. देवीच्या व्रणांवरून पडलेलं हे नाव 1970 मध्ये किंग आणि मॅकलीन यांनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळच्या तळाचं वर्णन करताना वापरलं आणि ते रुळलं. सगळेच व्रण जुने नसतात. उत्तर समुद्रातल्या ‘स्कॅनर’ पॉकमार्कमधून आजही मिथेनचे बुडबुडे वर येतात.

आमच्याकडे एक जुना, नेहमीच्या पद्धतीचा थ्री-डी सर्व्हे होता. वरच्या भागात त्याची प्रमुख वारंवारता 50 हर्ट्‌झच्या आसपास. नियोजित जागेच्या परिसरात तीन खांब दिसत होते. त्यांना आम्ही अ, ब आणि क म्हटलं. विहीर ‘ब’पासून 600 मीटरवर होती.

अडचण

पहिला अहवाल मीच लिहिला. ‘ब’च्या डोक्याशी, सागरतळाखाली थोड्याच अंतरावर, चमकदार परावर्तन होतं. माझ्या वाचनात ते ‘मऊ’ होतं, म्हणजे ध्वनी घट्ट थरातून मऊ थरात शिरताना येतं तसं. मऊ आणि चमकदार म्हणजे वायू, हे समीकरण हाताला बसलेलं असतं. ‘क’च्या मुळाशी, तळाखाली दोनशे मीटरवर, तेवढंच चमकदार पण ‘घट्ट’ परावर्तन होतं. ती सिमेंट झालेली वाळू असावी असं लिहून मी पुढे गेलो. ‘अ’ सर्वांत रुंद आणि सर्वांत धूसर होता. अहवालात ‘ब’साठी शब्द पडला ‘सक्रिय गॅस चिमणी’, आणि विहीर दोन किलोमीटर पश्चिमेला हलवण्याची शिफारस झाली. ती नवी जागा ‘क’पासून 400 मीटरवर येत होती. ‘क’ला आम्ही निरुपद्रवी ठरवलंच होतं.

आढावा बैठकीत रुजू होऊन सहा महिने झालेल्या सहकारी मुलीने विचारलं, “सर, ‘ब’मध्ये गॅस असेल तर त्याच्या खालच्या रेषा वर का उचलल्यात? खाली झुकायला हव्यात ना?”

प्रश्न बिनतोड होता. सेक्शनची उभी मोजपट्टी मीटरची नसते, वेळेची असते. ध्वनी खाली जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, एवढंच त्यावर असतं. गाळाच्या छिद्रांत थोडासा जरी मुक्त वायू आला, तरी ध्वनीचा वेग दणकन उतरतो. ध्वनी उशिरा परततो आणि खालची रेषा खोल गेल्यासारखी दिसते. उलट छिद्रांत किंवा भेगांत गॅस हायड्रेट असेल, म्हणजे पाण्याच्या पिंजऱ्यात मिथेन अडकलेला बर्फासारखा घन पदार्थ, तर वेग वाढतो आणि खालची रेषा वर उचललेली दिसते. ‘ब’खालची रेषा 35 मिलिसेकंदांनी वर उचललेली होती.

इतिवृत्तात नोंद झाली, ‘पुल-अपचा मुद्दा तपासावा’. पुढचे तीन आठवडे तो कोणीच तपासला नाही. मीही नाही.

पर्याय

तीन आठवड्यांनी प्रश्न परत आला, तोही सुरक्षेची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरकडून. तिला विहीर हलवायचं कारण सहीनिशी हवं होतं. मग आम्ही नीट बसलो.

विहीर सरळ हलवणं सर्वांत सोपं होतं. वेळ जात नव्हता, कोणाला काही सिद्ध करावं लागत नव्हतं, आणि मॅनेजरांचा कलही तिकडेच होता. “संशय आहे ना? मग लांब जाऊ या,” असं त्यांचं म्हणणं. यात खोट एवढीच की ‘लांब’ म्हणजे कशापासून लांब, हेच ठरलेलं नव्हतं. शिवाय दोन किलोमीटर सरकल्यावर खोल लक्ष्याचा माथा चुकत होता.

दुसऱ्या टोकाला होता आखूड स्ट्रीमर (जहाजामागे ओढली जाणारी हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनची, केबल) आणि जास्त वारंवारतेचा ध्वनी-उगम घेऊन उथळ भागाचा नवा, बारीक थ्री-डी सर्व्हे. तांत्रिकदृष्ट्या हाच उत्तम. मायग्रेशनआधी, म्हणजे विखुरलेली परावर्तनं गणिताने मूळ जागी आणण्याआधी, 50 हर्ट्‌झच्या ध्वनीला एवढ्या खोलीवर जो ‘ठिपका’ दिसतो, त्याची त्रिज्याच सव्वाशे मीटरच्या घरात असते, म्हणजे व्यास अडीचशे मीटर. आमचा ‘ब’ त्याहून अरुंद असण्याची शक्यता होती. मायग्रेशनने तो ठिपका आवळला जातो हे खरं, पण त्यासाठी वेग बरोबर लागतो, आणि वेगाबद्दलच तर वाद होता. जहाज मात्र पुढच्या हंगामाआधी मिळणार नव्हतं.

या दोन टोकांच्या मध्ये दोन पर्याय उरले. एक म्हणजे हाती असलेला डेटा मूळ नोंदींपासून पुन्हा प्रोसेस करणं. दुसरा म्हणजे दुसऱ्या कामासाठी त्या भागातून जाणाऱ्या जहाजावर आठ दिवस मागून घेऊन तळाचा नकाशा काढणारा मल्टिबीम, तळाखालचे वरचे थर बारकाईने दाखवणारा स्वयंचलित पाणबुडीवरचा सब-बॉटम प्रोफायलर, तळावर बसून ध्वनी नोंदवणारे चार ओशन बॉटम सायझमोमीटर आणि नळीने काढलेले गाळाचे नमुने, म्हणजे कोअर, एवढं जमवणं. आम्ही हे दोन्ही निवडले, आधी प्रोसेसिंग आणि मग जहाज. या क्रमावर बरीच खडाजंगी झाली. प्रोसेसिंगप्रमुखांना कोअर आधी हवे होते. माझा आग्रह उलटा होता, कारण कोअर कुठे घ्यायचे हे प्रतिमेवरूनच ठरणार होतं. इथे माझं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. बाकी बऱ्याच ठिकाणी नव्हतं.

काय केलं

पहिलं काम फुकटचं होतं. दाखवण्यासाठी वापरलेल्या सेक्शनवर एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं साधन, चालू होतं. चमकदार परावर्तन आलं की ते त्याच्या आसपासचं सगळं मंद करून टाकतं. ते बंद केल्यावर ‘ब’ची रुंदी तीनशे मीटरवरून एकशे चाळीसवर आली. अर्ध्याहून जास्त खांब आम्हीच रंगवला होता.

दुसरी गोष्ट सांगायला आजही जिवावर येते. मूळ नोंदी उघडल्यावर प्रोसेसिंगप्रमुखांनी मला बोलावलं आणि पडद्यावर एकच तरंग दाखवला. तो सागरतळाच्या परावर्तनाचा होता. पाण्यातून गाळात शिरताना ध्वनी नेहमी मऊकडून घट्टकडे जातो, म्हणून सागरतळ ‘घट्ट’ हे गृहीतच असतं. आमच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे थ्री-डी डेटाच्या ठोकळ्यात, तो ‘मऊ’ दिसत होता. डेटाच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, एक पोलॅरिटी (तरंगाचं धन-ऋण चिन्ह) लिहिलेली होती आणि आत भरलेली होती तिच्या उलट. कधीतरी कोणीतरी चिन्ह फिरवलं आणि लिहून ठेवलं नाही.

हे मला आधी का दिसलं नाही? कारण मी सागरतळ पाहतच नव्हतो. थरांची तुलना सोपी व्हावी म्हणून मी सेक्शन सागरतळावर सपाट करून घेतला होता आणि वरची पट्टी कापून टाकली होती. सागरतळाची तयार आखणी आयती मिळाली होती. ती तरंगाच्या बाजूच्या शिखरावर चिकटलेली होती, त्यामुळे आकडे बिघडलेलेही दिसत नव्हते. आणखी एक खूण समोरच होती. हायड्रेट जिथवर टिकतं त्या सीमेखाली बरेचदा मुक्त वायू साठतो, आणि तिथून येणारं परावर्तन, आमच्या भाषेत बीएसआर, सागरतळाच्या उलट चिन्हाचं असतं. आमच्याकडे ते तळाखाली दोनशे मीटरवर तुटक तुटक दिसत होतं. चिन्ह ‘घट्ट’ म्हणून मी ती थराची सीमा समजलो.

चिन्ह उलटं केल्यावर सगळा अहवालच उलटा झाला. ‘ब’च्या डोक्याशी असलेला ‘वायू’ घट्ट निघाला, म्हणजे हायड्रेट किंवा मिथेनच्या झऱ्याभोवती तयार होणारं कार्बोनेटचं कवच. ‘क’च्या मुळाशी असलेली ‘सिमेंट झालेली वाळू’ मऊ निघाली, आणि तीही नेमकी बीएसआरच्या पातळीवर. म्हणजे तिथे वायू असण्याची दाट शक्यता. आणि आम्ही विहीर त्याच्याच शेजारी न्यायला निघालो होतो.

त्यानंतर वेगवेगळ्या ऑफसेटचे सेक्शन वेगळे करून पाहिले. ऑफसेट, म्हणजे उगम आणि हायड्रोफोन यांच्यातलं अंतर, वाढलं की ध्वनी तिरका जातो आणि उथळ अडथळ्याला वळसा घालून खालचा थर गाठतो. ‘अ’च्या बाबतीत जवळच्या ऑफसेटला खालचे थर पुसलेले होते, लांबच्या ऑफसेटला तेच थर सलग दिसत होते. त्याच्या डोक्यावर गाडला गेलेला एक कठीण, खडबडीत पट्टा होता. तो ध्वनी विखरून टाकत होता आणि खाली सावली पडत होती. दिवा हलवला की सावली सरकते, खांब सरकत नाही. ‘अ’ नावाचा खांब नव्हताच. ‘ब’ आणि ‘क’ जागच्या जागी राहिले.

आता ‘ब’चे 35 मिलिसेकंद. समजा, 150 मीटर जाडीचा गाळ आहे. आजूबाजूला वेग सेकंदाला 1,650 मीटर धरला, तर जाऊन-येऊन 182 मिलिसेकंद लागतात. त्यातून 35 वजा केले तर उरतात 147, आणि त्यासाठी खांबात सरासरी वेग 2,040 मीटरच्या आसपास हवा. भेगांमध्ये हायड्रेट भरून असेल तर हे अशक्य नाही. 2006 मधल्या भारताच्या पहिल्या राष्ट्रीय हायड्रेट मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात चिखलाच्या भेगांत भरलेल्या हायड्रेटचा शंभर मीटरहून जाड पट्टा सापडला होता. पण दुसरी शक्यताही तितकीच खुली होती. वर चढणाऱ्या द्रवाने थर खरोखरच वाकवलेले असतील, तर एवढा वेग लागणारच नाही.

डेप्थ मायग्रेशन करताना, म्हणजे वेळेऐवजी मीटरमध्ये प्रतिमा काढताना, टोमोग्राफीने (किरणांच्या प्रवासवेळांवरून वेग काढण्याची पद्धत) खांबातला वेग 1,900 दिला. त्याने 24 मिलिसेकंदांचा हिशेब लागला आणि 11 उरले, म्हणजे साधारण दहा मीटरचा खराखुरा उंचवटा. अहवालात हे आकडे छान दिसले असते. अडचण अशी की स्ट्रीमर काही किलोमीटर लांब आणि खांब 140 मीटर रुंद. लांबच्या ऑफसेटचे किरण खांबाला तिरके छेदून बाहेर पडतात, पूर्ण उंचीभर त्यातून प्रवास करतात ते फक्त जवळजवळ उभे किरण. वेग मात्र लांबच्या ऑफसेटवरूनच कळतो. म्हणजे 1,900 हा आकडा जेवढा डेटाचा होता, तेवढाच आम्ही टोमोग्राफीला घालून दिलेल्या गुळगुळीतपणाचा. तो अहवालात ‘निष्कर्ष’ म्हणून जाऊ द्यायचा नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मग जहाज. आठ दिवसांतले दोन हवामानाने खाल्ले. चारपैकी एक सायझमोमीटर खाली उतरताना प्रवाहाने सरकला आणि ठरल्या जागेपासून नव्वद मीटरवर टेकला, म्हणजे ‘ब’च्या माथ्याऐवजी कडेला. आम्ही यंत्रं चारशे मीटरच्या अंतराने ठेवली होती. 140 मीटरच्या खांबासाठी ही जाळी फार विरळ होती, हे कागदावर आकडा मांडतानाच कळायला हवं होतं. शेवटी खांबातून वर आलेले उपयोगी किरण एकाच यंत्राला मिळाले. त्यावरून वेग आजूबाजूपेक्षा जास्त आहे एवढं ठामपणे सांगता आलं. किती जास्त, ते नाही.

कोअर मात्र बोलके होते. ‘ब’च्या खळग्यातला कोअर डेकवर आला तेव्हा नळीच्या टोकातून चिखल आपणहून बाहेर सरकत होता. आत वायू फुगत होता. नळी उभी चिरली तर राखाडी मातीत नखाएवढे पांढरे तुकडे, हाताला गार, चुरचुरत विरघळणारे. दहा मिनिटांत त्यांच्या जागी फेसाळलेली भोकं उरली. खाली कार्बोनेटच्या गाठी होत्या, आणि छिद्रांमधल्या पाण्यातलं सल्फेट दीड मीटरमध्ये संपलं होतं, म्हणजे खालून मिथेन जोरात येत होता. ‘क’च्या कोअरमध्ये यातलं काहीच नव्हतं. सल्फेट हळूहळू कमी होत होतं, माती एकसारखी. प्रोफायलरवर ‘क’च्या माथ्यावर गाडला गेलेला खळगा दिसला आणि त्यावर अखंड चिखलाची चादर.

निष्पत्ती

म्हणजे ‘ब’ चालू होता, हायड्रेटने बऱ्याच अंशी भरलेला होता आणि हळूहळू पाझरत होता. ‘क’ वरून मेलेला होता, पण त्याच्या मुळाशी वायू होता आणि वर न फुटलेलं झाकण. विहिरीसाठी धोकादायक कोण? पाझरणारी वाट दाब साठू देत नाही. बंद पडलेली वाट साठू देऊ शकते. पहिल्या अहवालाने ज्याच्यापासून पळायला सांगितलं होतं आणि ज्याच्या शेजारी जायला सांगितलं होतं, त्या दोघांची आता अदलाबदल झाली.

विहीर दोन किलोमीटर न हलवता, ‘ब’पासून आणखी 350 मीटर लांब आणि ‘क’च्या विरुद्ध दिशेला सरकवली. लक्ष्याचा माथा हातचा गेला नाही. मुख्य विहिरीआधी कमी व्यासाचा पायलट होल, खोदतानाच मोजमाप करणाऱ्या साधनांसह, घेतला. वायू लागला नाही. वेगाचा लॉग आमच्या 1,650च्या जवळच होता, त्यामुळे निदान पार्श्वभूमीचा आकडा पक्का झाला. ‘ब’ आणि ‘क’च्या पोटात कोणीच ड्रिल घातलं नाही. ‘क’च्या मुळाशी दाब खरोखर किती आहे हे आजही अनुमानच आहे, आणि ‘ब’चे ते उरलेले 11 मिलिसेकंदही.

वेगळं काय करता आलं असतं

सागरतळाचा तरंग पहिल्या दिवशी पाहायचा. पाच मिनिटांचं काम. आता आमच्या प्रत्येक सेक्शनच्या कोपऱ्यात सागरतळाचा एक तरंग चिकटवलेला असतो, आणि तो नसेल तर इंजिनिअर बाई आकृतीच परत पाठवतात.

‘सक्रिय’ हा शब्द मी नुसत्या प्रतिमेवरून लिहायला नको होता. प्रतिमा सांगते की इथे ध्वनीच्या प्रवासात काहीतरी वेगळं घडलं. ते आज चालू आहे की फार पूर्वी थांबलं, हे कोअर, पाण्यातले बुडबुडे किंवा वरच्या चिखलाची चादर सांगते. गंमत अशी की ‘ब’बद्दल तो शब्द शेवटी बरोबरच ठरला, पण ज्या कारणाने लिहिला होता ते कारण चूक होतं. अशा चुका पकडायला सर्वांत कठीण.

सायझमोमीटर चारऐवजी सहा मिळाले असते तर बरं झालं असतं, पण आहेत ते चारही ‘ब’च्या माथ्यावर पन्नास-साठ मीटरच्या अंतराने ठेवता आले असते. ‘सगळ्या परिसराचा थोडा थोडा’ वेग घेण्याच्या नादात जिथे वाद होता तिथला वेग निसटला. यावर प्रोसेसिंगप्रमुखांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते लांबची यंत्रं नसती तर पार्श्वभूमीवरच विश्वास बसला नसता. पायलट होलच्या लॉगनंतर हा वाद थोडा निवला आहे, मिटलेला नाही.

आणि बैठकीतला प्रश्न. त्या मुलीला तेव्हाच सांगायला हवं होतं की उत्तर येईपर्यंत अहवाल पुढे जाणार नाही. इतिवृत्तात गेलेला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. त्या तीन आठवड्यांत नव्या जागेची कागदपत्रं अर्धी तयार झाली होती.

सुधारित व्हॉल्यूम आणि नवा अहवाल सामायिक डेटाबेसमध्ये चढवून झाला आहे. जुन्या व्हॉल्यूमवरच्या माझ्या खुणा मात्र तिथेच आहेत, आणि ‘क’च्या मुळाशी अजूनही ‘सिमेंटेड वाळू’ असं लेबल दिसतं. ते काढायची विनंती मी दोनदा दिली आहे.